कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

नव्याने लिहिणारी मंडळी भेटली की हे प्रश्न हमखास निघतात. उत्तरं माझ्या आवडीनिवडींसकट दिली आहेत, पटतील तेवढी घ्यावीत. आधीच एक सांगून ठेवतो: निम्म्याहून जास्त प्रश्न प्रकाशनाबद्दलचे असतात आणि विचारणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची कथा अजून पूर्ण झालेली नसते. म्हणून इथे आधी लिखाण आणि मग व्यवहार असा क्रम ठेवला आहे.

लेखन शिकता येतं का? की ते अंगातच असावं लागतं?

भाषेचा कान थोडाफार अंगचा असतो. बाकीचं बरंचसं कसब आहे. प्रसंग कुठून उचलायचा, कोणत्या वाक्यावर सोडायचा, कोणती माहिती कुठवर दडवायची, हे शिकता येतं. कुणी शिकवलं नाही तरी आवडलेली कथा उसवून बघत बसलं की हळूहळू हाताला लागतं. एक सोपा व्यायाम आहे. कथेतल्या प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलने एवढंच लिहा, की इथे वाचकाला नवीन काय कळलं. चारपाच पानं असं केलंत की दिसेल, चांगल्या कथेत रिकामा परिच्छेद फारसा सापडत नाही. मग हाच व्यायाम स्वतःच्या कथेवर करा. जरा लागेल, पण करा.

कोणती माणसं डोक्यातून जात नाहीत, कशाचा राग येतो, काय पुन्हापुन्हा बघावंसं वाटतं, हे मात्र कुठल्याही कार्यशाळेत मिळत नाही.

सुचतं खूप, सुरुवातही झकास होते, पण पूर्ण काहीच होत नाही. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही. सुरुवात लिहिताना काहीच ठरवावं लागत नाही. मधल्या भागात ठरवावं लागतं आणि तिथेच हात थांबतो.

अर्धवट कथा घेऊन येणाऱ्याला मी विचारतो, तुमचं पात्र शेवटचं कुठे उभं आहे? उत्तर बहुतेक वेळा एकाच जातीचं निघतं. पात्राला आता असं काही करायचं आहे, की त्यानंतर मागे फिरता येणार नाही. खोटं बोलायचं आहे, घर सोडायचं आहे, एखादी गोष्ट कबूल करायची आहे. पण लेखकाचा त्याच्यावर जीव जडलेला असतो, त्यामुळे तो त्याला दारापर्यंत नेतो आणि परत आणतो. मग एक बालपणीची आठवण घातली जाते, पाऊस येतो, पात्र खिडकीबाहेर बघत राहतं. पाऊस आणि खिडकी एकाच पानावर आले, की समजावं लेखक निर्णय टाळतोय.

अशा वेळी सरळ एक वाईट शेवट लिहून टाका. अगदी भडक, बेतलेला, योगायोगाचा चालेल. तो टिकवायचा नाहीच. पण शेवट समोर असला की मधल्या भागात काय कमी आहे ते दिसू लागतं. तो नसताना मधला भाग दुरुस्त करत बसणं म्हणजे पत्ता न विचारता गाडी हाकणं.

आणखी एक. रोज बसल्यावर पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. पहिली तीन पानं गुळगुळीत होतात आणि चौथं कधी येतच नाही. काल सोडलेला शेवटचा परिच्छेद तेवढा वाचा आणि पुढे चला. मध्येच दुसरी कथा सुचली तर तिच्या दोन ओळी वहीत टिपून ठेवा. अर्धी कथा बाजूला सारून नवी सुरू करायची सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही.

रोज लिहायलाच हवं का?

नाही. पण ठरलेल्या वेळी लिहायला हवं. आठवड्यातले पाच दिवस, रोज तीनशे शब्द, एवढंच धरलं तरी वर्षाला ७८,००० शब्द होतात, म्हणजे मध्यम आकाराची कादंबरी. तीनशे शब्द म्हणजे हाताने लिहिलेलं जेमतेम दीड पान.

अँथनी ट्रोलोप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे उठून, घड्याळ समोर ठेवून, दर पाव तासाला २५० शब्द असा त्याचा शिरस्ता. त्याच्या नावावर ४७ कादंबऱ्या आहेत. हे त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितलं, तेव्हा बऱ्याच समीक्षकांना ते रुचलं नाही. प्रतिभा घड्याळ लावून येते हे कुणालाच ऐकायचं नसतं. सगळ्यांनी ट्रोलोप व्हावं असं माझं म्हणणं नाही. काहींचं लिखाण महिनाभर मुरतं आणि चार दिवसांत उतरतं. पण असं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांचे ते चार दिवस खरोखर येतात, हे ज्याचं त्याने तपासावं.

'सांगू नका, दाखवा' म्हणतात. म्हणजे नेमकं काय?

उदाहरणच बघू. पहिला खर्डा असा आहे:

"सुमनला खूप वाईट वाटलं. वडिलांच्या आठवणीने तिचं मन व्याकूळ झालं. तिने त्यांचा चष्मा हातात घेतला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले."

यात चूक काहीच नाही, फक्त सुमन नाही. इथे कुणाचंही नाव घाला, चालून जातं. आता हे वाचा:

"चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. सुमनने दोरा सोडला तशी काडी निखळून पडली. तिने ती परत बांधायला घेतली. गाठ काही तशी बसेना."

दुःख, आठवण, अश्रू यांतला एकही शब्द उरलेला नाही. पण वडील आले: मोडकी काडी दोऱ्याने बांधून दिवस काढणारा, स्वतःच्या पद्धतीची गाठ मारणारा माणूस. सुमनही आली, कारण गाठ सोडायचं तिला सुचलं आणि मग तिची धांदल उडाली. असा तपशील शोधायला वेळ लागतो. पहिल्या बैठकीत 'डोळे भरून आले' हेच येणार, कारण ते तयार मिळतं. खर्ड्यात ते राहू द्या. दुसऱ्या हाताला त्याच्याखाली रेघ मारा आणि विचारा, याच माणसाच्या बाबतीत हे कसं दिसेल?

मात्र हा नियम डोक्यावर बसवून घेऊ नका. सगळंच दाखवत बसलं तर कथा पुढे सरकत नाही. "त्यानंतर चार वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत." हे निव्वळ सांगणं आहे आणि उत्तम आहे, त्यासाठी अबोल्याचे चार प्रसंग रंगवायची गरज नाही. ज्या क्षणी काहीतरी बदलतं तो दाखवावा, मधला काळ सांगून टाकावा.

माझे संवाद नाटकी वाटतात. कसे सुधारू?

बहुतेक वेळा दोष एकच असतो: पात्रं जे मनात आहे तेच बोलतात, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात. खरी माणसं दोन्ही सहसा करत नाहीत. ही तीन वाक्यं बघा:

"दार उघडंच ठेवलंय."

"मी थांबणार नाहीये."

"चप्पल तरी काढ."

कोण रागावलं आहे, कोण वाट बघत होतं, कोण माघार घेणार, सगळं कळतं. 'तू माझ्यावर अजून रागावला आहेस का?' असं कुणी विचारलं असतं तर प्रसंग तिथेच संपला असता. 'कसा आहेस', 'बरा आहे', 'बस ना' ही येण्याजाण्याची वाक्यं निर्दयपणे काढा. आणि 'तो संतापून उद्गारला', 'ती खिन्नपणे पुटपुटली' यांच्याऐवजी साधं 'म्हणाला', 'म्हणाली' वापरा. वाक्यातच संताप नसेल तर क्रियापद तो आणू शकत नाही.

लिहून झालं की संवाद मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तिथे वाक्य कागदी आहे.

पात्रांना बोली दिली तर वाचकाला जड जाईल का?

बोली शब्दांच्या ठेवणीत, वाक्याच्या वळणात आणि म्हणींत असू द्या. प्रत्येक उच्चार जसाच्या तसा अक्षरांत पकडायचा हट्ट धरलात तर वाचक अर्थ सोडून अक्षरं लावत बसतो. आणि जी बोली कानावरून गेलेली नाही ती लिहायला जाऊ नका; ती बोलणाऱ्या माणसाला पहिल्याच ओळीत कळतं.

गोष्ट 'मी'ने सांगावी की 'तो', 'ती'ने?

हे ठरवताना सोय बघितली जाते. बघायला हवं ते वेगळंच. निवेदकाला काय माहीत नाही, यावर कथा उभी राहते. 'मी' सांगत असेल तर त्याला इतरांच्या मनातलं कळणार नाही, आणि तो स्वतःबद्दलही खोटं बोलू शकतो. तुमच्या कथेला हे हवं असेल तर 'मी' घ्या. तृतीयपुरुषी निवेदनात एका प्रसंगात एकाच पात्राच्या डोक्यात राहणं हे नवोदितांसाठी चांगलं बंधन आहे. एका ओळीत नवऱ्याच्या मनात काय चाललंय, पुढच्या ओळीत बायकोच्या, तिसरीत दारात उभ्या असलेल्या पोस्टमनच्या, असं झालं की वाचकाला कुणाचंच वाटेनासं होतं. मोठे लेखक हे नियम मोडतात हे खरं आहे. मोडताना त्यांना तो नियम माहीत असतो.

शंका असेल तर पहिली दोन पानं दोन्ही पद्धतींनी लिहून बघा. एका संध्याकाळचं काम आहे आणि पुढचे सहा महिने वाचतात.

एखादी कथा किती वेळा पुन्हा लिहावी?

अर्नेस्ट हेमिंग्वेने एका मुलाखतीत सांगितलं होतं, की पहिल्या महायुद्धावरच्या आपल्या कादंबरीचं शेवटचं पान त्याने ३९ वेळा लिहिलं. ती कादंबरी १९२९ मध्ये आली. २०१२ मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली तेव्हा त्याच्या कागदपत्रांत सापडलेले ४७ शेवट त्यात छापले गेले. म्हणजे गड्याने आकडा कमीच सांगितला होता.

आकड्यापेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण पुनर्लेखन म्हणून ऱ्हस्व-दीर्घ तपासतात आणि विशेषणं बदलतात. जो प्रसंग उद्या अख्खा उडणार आहे त्यातलं शुद्धलेखन आज सुधारण्यात काय हशील? आधी आराखडा बघा. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ अशी यादी करा आणि प्रत्येक ओळीपुढे विचारा, हा प्रसंग काढला तर पुढचं काही कोसळतं का? नसेल कोसळत तर तो गेला. मग पात्रं, मग संवाद, मग वाक्यं, आणि सर्वांत शेवटी ऱ्हस्व-दीर्घ.

दोन खर्ड्यांमध्ये अंतर ठेवा. कथा निदान तीनचार आठवडे बंद करून ठेवली की ती दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखी वाचता येते. तेवढा धीर नसेल तर टाइप बदला, कागदावर छापून घ्या. डोळा थोडा तरी फसतो.

थांबायचं कधी? काल काढलेला स्वल्पविराम आज परत घालू लागलात की.

कथा किती शब्दांची असावी?

कथेला लागेल तेवढी. पण पाठवण्याच्या दृष्टीने एक अंदाज असावा. अमेरिकेतल्या नेब्युला या विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या पुरस्कारांची वर्गवारी बरीच वापरली जाते: ७,५०० शब्दांच्या आत लघुकथा, १७,५०० पर्यंत दीर्घकथा, ४०,००० पर्यंत लघुकादंबरी आणि त्यापुढे कादंबरी. ज्या नियतकालिकाला पाठवणार आहात त्याची मर्यादा आधी वाचा. तीन हजार शब्द मागितले असताना आठ हजारांची कथा पाठवणं म्हणजे सूचना वाचलेल्याच नाहीत हे कळवणं.

लिहिलेलं कुणाला दाखवू?

घरच्यांना दाखवू नका, निदान पहिल्यांदा तरी नको. ते तुमच्यावर प्रेम करतात किंवा कथेत स्वतःला शोधतात. दोन्हीचा कथेला उपयोग नाही. कथा वाचायची सवय असलेले दोनतीन वाचक धरा आणि त्यांना 'कशी वाटली?' असं विचारू नका. कुठे कंटाळा आला, कुठे गोंधळलात, कुठे विश्वास बसला नाही, एवढंच विचारा. वाचकाने 'इथे काहीतरी बिनसलंय' म्हटलं तर तो सहसा बरोबर असतो. त्यावर त्याने सुचवलेला उपाय सहसा चुकीचा असतो.

संपादकाची गोष्ट वेगळी. रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकाराचा १९८१ चा गाजलेला संग्रह संपादक गॉर्डन लिश याने इतका कापला होता, की काही कथा निम्म्याहून कमी उरल्या. कार्व्हरने पुस्तक थांबवा म्हणून विनवणीचं पत्र लिहिलं होतं. पुस्तक आलं, कार्व्हरचं मोठं नाव झालं, आणि मूळ कथा थेट २००९ मध्ये, त्याच्या मृत्यूला एकवीस वर्षं झाल्यावर, पुस्तकरूपात आल्या. कोणतं रूप चांगलं यावर अजून वाद होतात. मला काही कथा कापलेल्या आवडतात, काही मूळच्या. एवढं मात्र खरं, की संपादक अमुक का काढायला सांगतो आहे हे त्याला विचारायचा हक्क लेखकाला आहे, आणि कारण पटलं नाही तर नाही म्हणायचाही.

दुसऱ्यांचं जास्त वाचलं तर शैलीवर प्रभाव पडेल ना?

पडेल. पडू द्या. एकाचाच पडला तर नक्कल होते, वीस जणांचा पडला की ती तुमची शैली होते.

कथा सारखी साभार परत येते. म्हणजे माझं लेखन वाईट आहे का?

असेलही, पण साभार परतीवरून ते ठरत नाही. अंक भरलेला असतो, तशीच कथा मागच्या महिन्यात घेतलेली असते, संपादकाची आवड वेगळी असते. विल्यम गोल्डिंगच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित बऱ्याच प्रकाशकांकडून परत आलं होतं. शेवटी जिथे ती छापली गेली, तिथल्याही वाचकाने ती कंटाळवाणी आणि निरर्थक असल्याचा शेरा मारून बाजूला टाकली होती. नुकताच रुजू झालेला संपादक चार्ल्स माँटीथ याने ती उचलून वाचली. १९५४ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि १९८३ मध्ये गोल्डिंगला नोबेल मिळालं.

ही गोष्ट साभार परत आलेल्यांना धीर देण्यासाठी नेहमी सांगतात आणि तिचा अर्धा भाग गाळतात. माँटीथने कादंबरी आहे तशी घेतली नव्हती. सुरुवातीचं अणुयुद्धाचं वर्णन काढायला लावलं, आणखीही बदल करून घेतले, आणि गोल्डिंगने ते केले. म्हणजे शेरा मारणाऱ्याला जे पहिल्या पानांत खटकलं त्यात काही तथ्य होतंच.

म्हणून नकाराचे प्रकार ओळखा. छापील ठशाचा नकार आला तर कथा त्याच आठवड्यात दुसरीकडे पाठवा. संपादकाने दोन ओळी स्वतःच्या लिहिल्या असतील तर त्या जपून ठेवा. ज्याच्यात काही दिसत नाही त्याच्यावर संपादक वेळ घालवत नाही. आणि तीन वेगवेगळ्या लोकांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर कथा पुन्हा उघडा. कोणती कथा कुठे, कधी पाठवली आणि काय उत्तर आलं याची साधी नोंद ठेवा. एकच कथा दोघांनी स्वीकारली तर होणारी लाज टळते.

लेखनावर पोट भरतं का? नोकरी सोडू का?

सोडू नका.

काफ्का विमा संस्थेत काम करत होता, चेकॉव्ह डॉक्टर होता. टोनी मॉरिसन दोन मुलांना एकटीने वाढवत, एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत नोकरी करत, पहाटे उठून लिहायची. तिची पहिली कादंबरी १९७० मध्ये आली तेव्हा ती ३९ वर्षांची होती. निव्वळ कथा-कादंबरीच्या रॉयल्टीवर जगणारे लेखक कुठल्याही भाषेत मोजकेच असतात. बाकीचे अनुवाद करतात, संपादन आणि मुद्रितशोधन करतात, मालिका आणि ऑडिओसाठी लिहितात, शिकवतात, जाहिरातीचा मजकूर लिहितात. यात कमीपणा काही नाही. फक्त एक काळजी घ्या: दिवसभर दुसऱ्याचं लिहून झाल्यावर रात्री स्वतःचं लिहायला डोकं शिल्लक राहत नाही. अशांनी स्वतःचं काम आधी, सकाळी उरकावं.

प्रकाशक पुस्तक काढायला पैसे मागतो. द्यावेत का?

नेहमीच्या प्रकाशनात पैसा प्रकाशकाकडून लेखकाकडे येतो. प्रकाशक लेखकाकडून पैसे घेतो तेव्हा त्याचा नफा पुस्तक विकण्याआधीच झालेला असतो, मग त्याने ते विकायला धडपडावं तरी का? 'आमच्या निवड समितीला आपलं हस्तलिखित अत्यंत आवडलं' असं पत्र आठ दिवसांत आलं आणि सोबत खर्चाचं दरपत्रक असलं, तर समिती कसली ते समजून घ्या.

स्वप्रकाशन ही वेगळी गोष्ट आहे आणि ती वाईट मुळीच नाही. तिथे तुम्हीच प्रकाशक असता: संपादक, मुखपृष्ठकार, मुद्रक यांना कामाचे पैसे देता, सगळे हक्क आणि सगळ्या प्रती तुमच्या असतात. ॲमेझॉनच्या किंडल सेवेत ई-पुस्तकावर ३५ किंवा ७० टक्के रॉयल्टीचे दोन पर्याय आहेत. ७० टक्क्यांसाठी किमतीच्या आणि इतर अटी पाळाव्या लागतात. पारंपरिक प्रकाशकाच्या छापील पुस्तकात एवढा वाटा कधीच मिळत नाही. पण वितरण, जाहिरात, परत आलेल्या प्रती, सगळं तुमच्या गळ्यात. ज्याला फोन करायला आणि पैसे वसूल करायला संकोच वाटतो त्याने विचार करूनच यात पडावं.

करारात काय बघायचं?

सगळं. पहिलं पुस्तक स्वीकारलं गेल्याच्या आनंदात न वाचता सही केली जाते आणि मग वर्षानुवर्षं बोटं मोडली जातात. ॲगाथा ख्रिस्तींच्या पहिल्या कादंबरीच्या करारात रॉयल्टी पहिल्या दोन हजार प्रती खपल्यावर सुरू होणार होती, आणि पुढच्या पाच कादंबऱ्या आधी त्याच प्रकाशकाला दाखवायचं बंधन होतं. १९२० मध्ये ती आली. बंधनातून मोकळ्या झाल्यावर त्या दुसऱ्या प्रकाशकाकडे गेल्या आणि तिथेच राहिल्या.

पहिलं बघायचं ते हक्क. छापील, ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट आणि मालिका हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी' असं वाक्य दिसलं की थांबा. जे प्रकाशक स्वतः काढणार नाही ते त्याला कशाला द्यायचं? निदान मुदत घाला: इतक्या वर्षांत ऑडिओ निघाला नाही तर तो हक्क लेखकाकडे परत.

मग रॉयल्टी कशावर, हे बघा. छापील किमतीवर दहा टक्के आणि प्रकाशकाच्या हाती पडलेल्या रकमेवर दहा टक्के यांत फरक आहे. विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली असेल तर शंभराच्या पुस्तकावर पहिल्या हिशेबाने दहा मिळतात, दुसऱ्याने सहा. कागदावर दोन्ही ठिकाणी दहाच लिहिलेलं असतं.

हिशेब वर्षातून किती वेळा आणि कोणत्या महिन्यात मिळेल, आवृत्ती किती प्रतींची, पुस्तक संपून पडलं आणि नवी आवृत्ती निघाली नाही तर हक्क किती काळाने परत मिळतात, लेखकाला किती प्रती, मजकुरात बदल करताना विचारणार की नाही, हे लेखी हवं. 'आपल्यात कागद कशाला' म्हणणारा प्रकाशक माणूस म्हणून चांगला असू शकतो. उद्या संस्था दुसऱ्याने विकत घेतली की त्याचा चांगुलपणा कराराला जोडलेला नसतो.

साहित्यिक एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणारा, असेल तर तो साधारण १५ टक्के कमिशन घेतो, आणि तेही लेखकाला पैसे मिळाले की त्यातून. हस्तलिखित वाचायची फी मागणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा.

पाठवलेली कथा कुणी चोरली तर?

ही भीती नवोदितांना फार असते आणि तशी फारशी गरज नसते. कल्पना उचलण्यापेक्षा चांगली लिहिलेली कथा मानधन देऊन घेणं संपादकाला सोपं पडतं. लेखकांच्या हक्कांबद्दलच्या १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराला, त्याच्या पुढच्या सुधारणांसह, जगातल्या बहुतेक देशांनी मान्यता दिली आहे. त्यानुसार लिखाण झालं की लेखकाचा हक्क आपोआप तयार होतो, नोंदणीची अट नाही. नोंदणी केली तर पुराव्याला बरी. हा हक्क किमान लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं राहतो, काही देशांत ६० किंवा ७०. मात्र संरक्षण शब्दांना असतं, कल्पनेला नसतं. 'हरवलेला भाऊ वीस वर्षांनी परततो' यावर कुणाचीच मालकी नाही.

समाजमाध्यमांवर कथा टाकाव्यात का?

वाचक मिळतात, टीकाही लगेच मिळते. पण बरीच नियतकालिकं आणि स्पर्धा अप्रकाशित कथाच घेतात, आणि सर्वांना दिसेल अशी टाकलेली कथा त्यांच्या लेखी प्रकाशित झालेली असते. जी कुठे पाठवायची आहे ती टाकू नका. वाढत्या पसंतीच्या खुणांवरून कथेची किंमतही करू नका. हजार शब्दांची चुरचुरीत कथा तिथे चालते, संथ चालत नाही, आणि हळूहळू तुम्ही संथ लिहिणंच सोडून देता.

एआयकडून कथा लिहून घेतली तर?

तो तुमचा प्रश्न आहे, पण छापायला पाठवताना लपवू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'क्लार्क्सवर्ल्ड' या विज्ञानकथांच्या मासिकाकडे यंत्राने लिहिलेल्या कथांचा इतका लोंढा आला, की संपादकांना काही काळ कथा स्वीकारणंच बंद करावं लागलं. त्यानंतर अनेक ठिकाणी नियमावलीत याबद्दलचं कलम आलं आहे, ते वाचून घ्या. माहिती शोधायला, शब्दाचे पर्याय बघायला मदत घेतली तर माझी हरकत नाही. पण चष्म्याच्या काडीला दोरा बांधायचा की नाही हे ठरवताना जो त्रास होतो, त्यातच शिकणं असतं. तो त्रास दुसऱ्याकडे दिला तर शिकणार कोण?

वय पन्नाशीच्या पुढे गेलं. उशीर झाला का?

पेनेलोपी फिट्झजेराल्ड यांचं पहिलं पुस्तक त्यांच्या वयाच्या ५८ व्या वर्षी आलं, पहिली कादंबरी त्यानंतर दोन वर्षांनी, आणि १९७९ चा बुकर त्यांना मिळाला. उशिरा सुरुवात करणाऱ्याकडे सांगण्यासारखं जास्त असतं. धोका एवढाच, की सगळं एकाच कादंबरीत घालायचा मोह होतो.

टोपणनावाने लिहिलं तर चालतं का?

चालतं. करारावर आणि बँकेच्या कागदावर खरं नाव द्या, पुस्तकावर काहीही.

हस्तलिखित कसं पाठवावं?

युनिकोडमध्ये टाइप करा, म्हणजे समोरच्याच्या संगणकावर अक्षरांच्या जागी चौकोन दिसणार नाहीत. साधा टाइप, ओळींत मोकळं अंतर, पानांना क्रमांक. रंगीत शीर्षकं, फुलांच्या चौकटी, स्वतः काढलेलं मुखपृष्ठ यांतलं काही नको. सोबतचं पत्र चारपाच ओळींचं पुरे: कथेचं नाव, शब्दसंख्या, अप्रकाशित असल्याचं निवेदन, आधी कुठे काही आलं असेल तर त्याचा उल्लेख, आणि संपर्क. कथेचा सारांश आणि तिच्यामागची प्रेरणा पत्रात लिहू नका, संपादक कथा वाचणारच आहे. कादंबरी असेल तर मात्र बहुतेक ठिकाणी दोनतीन पानांचा गोषवारा आणि पहिली काही प्रकरणं मागतात. त्या गोषवाऱ्यात शेवट सांगा. 'पुढे काय होतं ते वाचाच' हे मलपृष्ठावर शोभतं. प्रकाशकाला शेवट माहीत असावा लागतो.

उत्तराची ठरलेली मुदत उलटल्याशिवाय आठवण करू नका. मुदत दिलेली नसेल तर तीन महिन्यांनी एक ओळ पाठवायला हरकत नाही.